पहिला हात भाच्याचा

दिलेला शब्द हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. राज्यं त्यावर उभी राहतात, घराणी त्यावर टिकतात, आणि माणूस जनावरापासून वेगळा ठरतो तो बोलता येतं म्हणून नव्हे, बोललेलं पाळता येतं म्हणून. हा मजकूर मी एकेकाळी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांसाठी लिहिला होता. पहिलं वाक्य ठेवा, बाकीचं काढा, असा निरोप तिकडून आला. एका स्क्रीनवर चाळीसच शब्द चालत.

हे लिखाण मी करायचो ते कर्वेनगरातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बसून. देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती, तो काळ. दारं उघडल्याचा माझ्यापुरता परिणाम एवढाच झाला की माझ्या वर्गातली मुलं त्या दारातून बाहेर पडून शेजारच्या संगणकाच्या क्लासला गेली. मी एका कॉलेजात तासांवर इतिहास शिकवत असे. शिकवायला तास उरले नाहीत, तेव्हा कोणीतरी हे काम सुचवलं. एका इंग्रज कंपनीला तिकडच्या शाळांसाठी सीडीवर धडे हवे होते आणि पुण्यात ते स्वस्तात होत. माझ्या टेबलावर ‘विषयतज्ज्ञ’ अशी पाटी लागली. खाली सनई सुरू झाली की खिडकी लावून घ्यायची आणि बाराव्या शतकात शिरायचं, असा दिनक्रम होता.

मालक कसब्यातले. तीस वर्षं त्यांनी छापखाना चालवला, दहावीची गाइडं छापली आणि एक दिवस छापखाना विकून पंचवीस कॉम्प्युटर घेतले. मुलगा अमेरिकेत होता. तो हे सगळं सांभाळायला येईल, अशी मालकांची दोन-तीन वर्षं समजूत होती. नंतर तो फोनवर फक्त हवामानाविषयी बोलू लागला, तेव्हा ते समजले.

काम प्रत्यक्षात सांभाळत होती ती सत्ताविशीतली एक मुलगी. चंद्रपूरकडची. तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलीनं सरकारी नोकरी करावी, एवढी एकच इच्छा ते दर रविवारी फोनवर व्यक्त करत. मी लिहिलेल्या चार पानांचे ती चाळीस शब्दांचे तुकडे करी. कुठे चित्र, कुठे आवाज, कुठे प्रश्न हे ठरवी, आणि इंग्रजांच्या पत्रांना अशी उत्तरं देई की ते पुढच्या पत्राच्या सुरुवातीला दिलगिरी व्यक्त करत. ऑफिसात काही जण तिच्या बोलण्याची नक्कल करत. ती गेल्यावर. समोर करायची कोणाची छाती नव्हती.

त्या वर्षी आमच्याकडे आलेला धडा होता इंग्लंडमधल्या गादीच्या यादवीचा. गोष्ट थोडक्यात सांगतो. चाळीस शब्दांत मात्र मावणार नाही.

राजाचा एकुलता एक औरस मुलगा जहाजासकट बुडाला. जहाजावर बहुतेक सगळे प्यालेले होते असं म्हणतात. उरली मुलगी. राजानं सगळ्या सरदारांना आणि धर्मगुरूंना गोळा केलं आणि एकेकाला शपथ घ्यायला लावली की माझ्यामागे गादी हिची. स्कॉटलंडच्या राजाची शपथ झाल्यावर पुढचा मान कोणाचा, यावरून तिथेच तंटा झाला. एका बाजूला राजाचा अनौरस मुलगा, दुसऱ्या बाजूला राजाचा भाचा. तंटा भाच्यानं जिंकला आणि मोठ्या निष्ठेनं शपथ घेतली. पुढे डॉक्टरांनी मना केलेला मासा खाऊन राजा फ्रान्सकडे वारला. मुलगी सासरी होती, गरोदर होती. भाच्यानं मात्र मामाच्या अंत्यविधीला थांबण्याऐवजी समुद्र ओलांडला, लंडन गाठलं, खजिना ताब्यात घेतला आणि धर्मगुरूंकडून डोक्यावर मुकुट ठेवून घेतला. शपथेचं काय? तर एक दरबारी पुढे आला आणि त्यानं शपथेवर सांगितलं की राजानं मरताना विचार बदलला होता.

“म्हणजे शपथ मोडायला पण शपथच घेतली,” ती म्हणाली.

“तीच तर सोय आहे.”

“आणि सर, ते तेल लावलं म्हणजे संपलं का? परत काढता येत नाही?”

राज्याभिषेकाच्या वेळी कपाळाला पवित्र तेल लावतात, आणि ते एकदा लागलं की तो माणूस देवाचा झाला असं त्या काळी मानत, हे मी तिला समजावलं. मग तो चोर असो की लबाड. तिनं मान हलवली आणि त्या स्क्रीनला नाव दिलं: तेल.

याच सुमाराला आमच्या मालकांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठून ते ऑफिसात आले ते दोन्ही बाजूंनी आधार घेऊन. एका बाजूला हिशेब बघणारा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला भाचा.

होय, आमच्याकडेही भाचा होता. मालकांच्या बहिणीचा मुलगा. मी हे कुठे सांगितलं की लोक म्हणतात, काहीतरी जुळवून सांगताय. पुण्यातल्या कुठल्याही धंद्यात डोकावून बघा, भाचा असतोच. हा मार्केटिंग बघायचा. म्हणजे चांगले शर्ट घालायचा आणि सगळ्यांची विचारपूस करायचा. माणूस अजिबात वाईट नव्हता. इंग्लंडचा भाचाही नव्हता. इतिहासकारांनी त्याला दिलदार म्हटलंय. वाईट माणसांपासून आपण सावध तरी राहतो.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही वीस-बावीस जण उभे होतो. खाली कोणाच्या तरी मुंजीची पंगत बसली होती.

“माझं आता खरं नाही,” मालक म्हणाले. “माझ्यामागे हे ऑफिस हिनं चालवायचं. सही हिची, निर्णय हिचा. कोणाला मान्य नसेल त्यानं आत्ता बोला. मान्य असेल त्यानं हात वर करा.”

पहिला हात भाच्याचा. इतका झटकन वर गेला की घड्याळाचा पट्टा निसटून मागे कोपरापर्यंत आला. मग मॅनेजरचा. मग माझा. मग बाकीच्यांचे.

“लिहून ठेवायचं का?” मी विचारलं. सवयीनं विचारलं, इतिहासात न लिहिलेल्या गोष्टींचं काय होतं हे शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली होती.

“कागद कशाला?” मालक म्हणाले. “माणसं आहेत ना.”

तीस वर्षं कागदावर जगलेला माणूस हा. त्यांनी आयुष्यात दर वर्षी लाखभर पानं छापली आणि जे एक पान हवं होतं ते छापलं नाही.

त्याच महिन्यात तिला पत्र आलं. दोन वर्षांपूर्वी दिलेल्या परीक्षेचा निकाल लागून तिची निवड झाली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी, महसूल खात्यात. ठरावीक मुदतीत हजर व्हायचं, नाहीतर नाव रद्द. तिच्या वडिलांनी फोनवर इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या टेबलावरून मलाही ऐकू आलं: “जास्त शहाणपण करू नको, सरकारी आहे!”

दुपारी ती माझ्याकडे आली. “सर, काय करू? इकडे हे, तिकडे ते. तिकडचं कागदावर आहे.”

मी जे उत्तर दिलं ते मला आजही शब्दशः आठवतं, आणि मी आयुष्यात दिलेल्या सगळ्या उत्तरांत ते एक परत घ्यायची संधी मिळाली तर बाकीची राहू द्या म्हणेन. मी म्हणालो, “अहो, बावीस माणसांनी हात वर केलेत. भर सभेत. असा शब्द कोण मोडतं?”

इतिहासाचा अध्यापक. समोर तोच धडा उघडा.

तिनं मुदत जाऊ दिली.

मालक गेले नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी. मासा वगैरे काही नाही, कसब्यातले शाकाहारी गृहस्थ, दवाखान्यातच गेले. ती स्मशानात आली होती, मालकांच्या पत्नीजवळ बराच वेळ बसली होती. त्यानंतरच्या आठवड्यात तिनं सगळी पत्रं स्वतःच्या सहीनं पाठवली, आणि कोणी काही म्हटलं नाही.

आता इथे आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला छापखान्यात यंत्रांची पूजा होत असे, ती मालकांनी कॉम्प्युटरसाठीही चालू ठेवली होती. सगळे मॉनिटर पुसून ओळीनं मांडायचे, हळदकुंकू, झेंडूचा हार, माऊसवर एक फूल. गुरुजी येत. मालक पाटावर बसत. पाटावर जो बसतो तो मालक, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहिण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.

ती या पूजेला कधीच नसे. दसऱ्याला वडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा तिचा दर वर्षीचा नेम. नोकरीला लागतानाच तिनं मालकांना सांगितलं होतं आणि मालकांनी कधी खळखळ केली नव्हती. येताना ती तिथल्या स्टॉलवरून त्यांच्यासाठी एक पुस्तक आणी. मालक कागद कसा आहे ते बघत, बांधणी बघत आणि मग वाचतही.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, “मी जाऊ ना सर? या वेळी नको का?”

“दोन दिवसांत काय होणार आहे?” मी म्हणालो. माझं दुसरं उत्तर.

खंडेनवमीला सकाळी ऑफिसात शिरलो तर मॉनिटरवर हार चढलेले, पाट मांडलेला आणि पाटावर सोवळं नेसून भाचा. मालकांच्या पत्नीला सुतक. त्या येऊ शकत नव्हत्या. मामाचं सुतक भाच्याला मात्र दोन-तीन दिवसांतच फिटतं, हे त्यानं गुरुजींना विचारून ठेवलं होतं. धर्मशास्त्राचा एवढा बारीक अभ्यास मी त्याच्याकडून अपेक्षिला नव्हता.

“यंत्रं पूजेशिवाय कशी ठेवायची, सर?” तो मला म्हणाला. “मामांना काय वाटलं असतं?”

गुरुजींनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. मग यंत्रांना. आरतीच्या वेळी मॅनेजरनं निरांजनाचं तबक माझ्या हातात दिलं, कारण मी वयानं मोठा. मी ते धरलं. पूजा झाल्यावर भाचा पाटावरून उठला आणि सरळ मालकांच्या खुर्चीत जाऊन बसला. पाय दुखले म्हणून टेकलाय, असं वाटावं इतक्या सहज. मॅनेजरनं घसा साफ केला आणि सांगितलं की शेवटच्या दिवशी दवाखान्यात मालक त्याच्याशी बोलले होते. “भाचा बघेल सगळं,” असं म्हणाले. शपथेवर सांगतो, म्हणाला.

मालकांच्या तोंडात शेवटचे चार दिवस नळी होती. मी स्वतः काचेतून पाहिली होती. ही गोष्ट तिथे उभ्या असलेल्या निदान सहा जणांना माहीत होती.

तेवढ्यात पेढे आले.

संध्याकाळी घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. “आणि तुम्ही काय केलंत?”

“तबक हातात होतं ना.”

“बरोबर,” ती म्हणाली. “हात वर करायला लागतात तेव्हा तुमचे रिकामे असतात.”

ती नागपूरहून परतली तेव्हा हार वाळले होते. तिच्या मशीनवरचं कुंकू तसंच होतं. पिशवीत एक पुस्तक होतं. सवयीनं घेतलं असावं, कारण ते कोणाला द्यायचं हे तिला सुचेना. ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

“सर, तुम्ही होता ना इथं?”

“होतो.”

“मग?”

“पूजा चालू होती.”

“पूजा किती वेळ चालते जी?”

“वीस-पंचवीस मिनिटं.”

“आणि मग?”

“मग पेढे.”

“खाल्ला?”

“प्रसाद होता,” मी म्हणालो.

 ती सरळ आत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

“अहो ताई, या ना!” भाचा उठून उभा राहिला. “तुम्हीच सगळं बघायचंय. मी आपला फक्त नावाला.”

“मग नाव माझं ठेवा,” ती म्हणाली, “आणि बघा तुम्ही.”

यावर त्याला हसू आलं. खरंच आलं, मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, लोकांना सवय होऊ दे, बाहेर बोलणी करताना पुरुषमाणूस बरा पडतो, आणि शेवटी पूजाही झालीय, आता ते उलटं कसं करायचं?

तेल.

त्यानंतर ऑफिसात एक वाक्य फिरू लागलं: “फार ताठ आहे हो ती.” ज्या बावीस जणांनी तिच्यासाठी हात वर केले होते त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी ते मी ऐकलं. गंमत अशी की माझ्या टेबलावर त्याच आठवड्यात इंग्लंडच्या जुन्या बखरकारांचे उतारे होते आणि तेही हेच सांगत होते. राजाची मुलगी चार वर्षांनी फौज घेऊन आली. भाच्याला तिनं लढाईत पकडला, लंडनपर्यंत पोहोचली. मुकुट डोक्यावर चढायला थोडेच दिवस उरले असताना शहर तिच्यावर उठलं आणि तिला भरल्या ताटावरून पळावं लागलं. का? तर म्हणे ती उद्धट होती. उभी राहून स्वागत करत नसे, चढ्या आवाजात बोलत असे. तिच्या बापानं सख्ख्या भावाला मरेपर्यंत कैदेत ठेवलं, त्याला हेच लोक करारी म्हणतात. शब्द मोडला बाकीच्यांनी, आणि आठशे वर्षं चर्चा चाललीय हिच्या आवाजाची. मला तो संताप आवरेना. मी दोन पानं खरडली. इंग्रजांकडून उत्तर आलं: दोन्ही बाजू समतोल दाखवाव्यात, आणि राजकन्येचं पात्र मुलांना आवडेल असं करावं.

मी ते पत्र तिला दाखवलं. “हसतमुख करू का तिला?” तिनं विचारलं.

धडा तिनं पूर्ण केला. मी म्हटलं, टाका तसाच, तुमचं काय अडलंय. ती म्हणाली, “काम माझं आहे सर, खुर्ची त्याची असली तरी.” पंधरा-वीस वर्षं रखडलेली लढाई तिनं नेटकी बसवली. गोठलेल्या नदीवरून पांढरे कपडे घालून, बर्फात दिसू नये म्हणून, वेढ्यातून निसटणारी ती बाई तिनं अशी काढून घेतली की पडद्यावर काही क्षण फक्त पावलांचे ठसे उमटत जातात आणि माणूस दिसत नाही. शेवटी प्रश्न होते. नियम असा की एकच उत्तर बरोबर. राजानंतर इंग्लंडच्या गादीवर कोण बसलं? पर्याय अ, मुलगी. पर्याय ब, भाचा. मी तिच्या मागे उभा होतो. तिनं ब वर खूण केली.

“बरोबर आहे ना सर?” ती म्हणाली. “तोच बसला ना.”

त्या शनिवारी तिनं राजीनामा दिला. वयाची अट संपण्याआधी तिच्याकडे एकच संधी उरली होती. ती घरी गेली आणि पुन्हा परीक्षेला बसली. हे मला नंतर कळलं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

इंग्लंडमधला तंटा मिटला तो सगळे थकल्यावर. भाच्याचा मोठा मुलगा वारला, आणि मग ठरलं की भाचा हयातभर राजा आणि त्याच्यामागे तिचा मुलगा. भाचा पुढच्याच वर्षी गेला. आमच्याकडे एवढंही काही झालं नाही. इंग्रजांनी काम दुसरीकडे नेलं, भाच्यानं कॉम्प्युटर भंगारात काढले आणि वरचा मजला मंगल कार्यालयाला जोडला गेला. मी इतिहास लिहीत असे तिथे आता जेवणाच्या पंगती बसतात.

आठेक वर्षांनी माझं रेशनकार्ड हरवलं. नवं हवं तर प्रतिज्ञापत्र करा, म्हणाले. तहसील कचेरीत दोन तास रांगेत उभा राहून मी आत गेलो तर टेबलामागे नायब तहसीलदार म्हणून ती बसलेली. केस थोडे पिकलेले. मागे भिंतीवर लाकडी पाटी, त्यावर तिचं नाव, कोरलेलं.

“बसा सर,” ती म्हणाली. पाणी मागवलं. मी वडिलांची चौकशी केली. नेमणुकीचं पत्र त्यांनी पाहिलं होतं, ती म्हणाली. हजर झाली ते मात्र नाही. पहिल्या वेळीच हजर झाली असती तर चार वर्षं पाहिलं असतं. हे तिनं मला बोल लावायला सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. 

मग तिनं माझा कागद पुढे ओढला आणि दर माणसाला विचारतात तसं विचारलं, “यात लिहिलेलं खरं आहे, असं शपथेवर सांगता?”

“सांगतो.”

तिनं शिक्का उचलला आणि थांबली. “आणि त्या दिवशी पेढे किती खाल्ले, सर? शपथेवरच आहात अजून.”

बाजूचा कारकून हसला. तीही किंचित हसली असावी.

“एक,” मी म्हणालो.

तिनं शिक्का मारला, सही केली, आणि कागद माझ्याकडे सरकवून पुढच्या माणसाला हाक मारली.

दोन खाल्ले होते.